काकूंची अदलाबदल

भिंगरीने काकूंच्या पुढच्या कप्प्यात कोपरापर्यंत हात घातला आणि एकेक वस्तू मांडीवर काढायला सुरुवात केली. केसांचे सात रबर, त्यातले दोनच कामाचे. भूगोलाचा एक पेपर, ज्याच्यावर आईची सही व्हायची कायमची राहून गेली होती. वाळून खडा झालेलं च्युइंगगम. आणि अगदी तळाशी, फडक्यात गुंडाळलेला, कुणाचा तरी प्लास्टरचा खालचा जबडा.

"आई, हे कोण?"

आईने सिग्नलवरची नजर न काढता हात पुढे केला आणि जबडा अंगठ्याने चाचपला. "अगं बाई, पोस्टमास्तर! तीन आठवडे शोधतेय मी यांना."

"आणि ते तीन आठवडे खातायत काय?"

"त्यांना दुसरा ठसा घेऊन कवळी दिली मी. तू कप्पा रिकामा कर. आणि मुकाट्याने कर."

आई कवळ्या बनवायची. दंतवैद्य ठसे पाठवायचे आणि घरामागच्या खोलीत बसून आई गुलाबी मेणात एकेक दात रोवायची, इतक्या हळू की बघणाऱ्याला जांभई यावी. आणि काकू म्हणजे ही गाडी. लाल, दोन सीटांची, छप्पर मागे दुमडणारी स्पोर्ट्स कार. दिसायला नखरेल, स्वभावाने मात्र एखाद्या काकूसारखी: वेळेवर हजर, कधी कुरकुर नाही, कुणाच्याही मदतीला तयार. नाव भिंगरीनेच ठेवलं होतं, चार वर्षांची असताना. तेव्हापासून घरात कुणी काकूंना एकेरीत हाक मारली नव्हती. काकू उठल्या का? काकूंना आज पुसून काढा. काकूंचा आवाज जरा बसलाय का गं?

आज आई त्यांना देऊन टाकायला निघाली होती.

बदल्यात येणार होती ती गाडी आईच्या कामाच्या टेबलाच्या खणात, आतल्या बाजूला, चिकटवलेली होती. आई सोळा वर्षांची असताना मासिकातून कापलेलं चित्र. बाटलीसारखा गर्द हिरवा रंग, वर उघडणारी दारं, सीटच्या मागे इंजिन. अशा एकशे बाराच बनल्या आणि मग कंपनीच बंद पडली. सुटे भाग मिळत नाहीत, म्हणून फारसं कुणी विचारतही नाही. दुर्मिळ म्हणजे प्रत्येक वेळी सगळ्यांना हवीशीच असते असं नाही, हे भिंगरीला या महिन्यात कळलं होतं.

"ताई, तुझं डोकं फिरलंय," मामा फोनवर म्हणाला होता. "रोज सुरू होणारी देऊन रोज रुसणारी आणतेस?"

आईने एक दाढ तासता तासता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हो."

भिंगरी त्या दिवशी "मस्तच!" असं जरा जास्तच मोठ्याने ओरडली होती. मग गॅरेजमध्ये जाऊन काकूंच्या डिकीवर गाल टेकून बराच वेळ बसली होती. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. अजून पक्कं काहीच नव्हतं म्हणा. हिरव्या गाडीच्या मालक आजोबांनी आधी काकूंना बघायचं आणि मग हो की नाही ते सांगायचं, असं ठरलं होतं. आणि 'नाही' हा काही फार अवघड शब्द नाही.

फाटकापाशी आजोबा उभेच होते. कडक इस्त्रीचा लांब बाह्यांचा शर्ट, हातात हातमोजे. त्यांनी आईला नमस्कार केला, भिंगरीकडे बघून मान हलवली आणि वाकून गाडीत पाहिलं. मग सीटच्या मागे पाहिलं.

"काकू नाही आल्या?"

"या काय!" आईने बॉनेटवर हात ठेवला.

आजोबा बॉनेटकडे बघत राहिले. तेव्हा भिंगरीला दिसलं, की व्हरांड्याच्या तीन पायऱ्यांवर एक कोरी करकरीत फळी तिरकी टाकली होती आणि ती हलू नये म्हणून खाली दोन विटा लावल्या होत्या.

"तुम्ही फोनवर म्हणालात," आजोबा सावकाश म्हणाले, "काकूंना घेऊन येते. वय झालंय, पण तब्येत ठणठणीत. चाकं नुकतीच बदललीत."

आईचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. काकूंपेक्षा लाल.

"अहो, आल्या का त्या?" आतून आजी आल्या. केस नीट बसवलेले, गळ्यात टपोऱ्या मण्यांची माळ, अंगावर ठेवणीतले कपडे. त्यांनी फाटकाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. "या?"

"या," आजोबा म्हणाले.

"आणि मी सकाळपासून त्या फळीवर उभं राहून बघतेय, चाकाची खुर्ची पेलेल की नाही!"

मग जे हसू फुटलं ते आधी आजींचं. त्यांनी व्हरांड्याचा खांब धरला. आजोबा तर हसता हसता फळीवरच बसले आणि बसूनच राहिले. आई मात्र "माफ करा हं, घरातली सवय," असं कुणाला तरी, बहुतेक खांबाला, सांगत होती.

आजोबांनी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. "तीस वर्षं नुसतं वर-खाली, वर-खाली," ते आईला घेऊन गॅरेजकडे जाताना म्हणाले, "म्हणून सुट्टीच्या दिवशी सरळ जायची हौस." दोघं आत दिसेनासे झाले आणि आजींनी भिंगरीच्या पाठीवर हात ठेवला.

"तू चल माझ्याबरोबर. कॉफी करू. एका बाईशी गप्पा मारायच्या म्हणून नटले होते, आता तू बैस समोर."

स्वयंपाकघर लहान आणि लख्ख होतं. आजींनी चार कप मांडले. तीन भरले. चौथ्यात मात्र रेघा आखलेल्या ग्लासातून मोजून, दोन घोट होतील इतकीच कॉफी ओतली.

"आठवड्यातून तीन सकाळी दवाखान्यात जावं लागतं," त्या ग्लास विसळत म्हणाल्या. "सातला डायलिसिसच्या मशीनवर. ती हिरवी बया या महिन्यात दोनदा अध्येमध्ये थांबली. एकदा पुलावर. मागून सगळे हॉर्न वाजवतायत आणि आम्ही दोघं त्या वर उघडलेल्या दारांखाली. कोंबडीच्या पंखाखाली पिल्लं असतात ना, तसे."

भिंगरीला हसू आलं आणि मग आलेलं हसू कुठे ठेवावं ते कळेना. तिने दोन घोटांचा कप उगाचच सरळ केला.

"यांना साधी गाडी नको. छप्पर उघडणारीच हवी म्हणे, नाहीतर म्हातारे झाल्यासारखं वाटतं." आजींनी खुर्ची ओढली आणि समोर बसल्या. "आता खरं सांग हं. तुझी आई चांगली आहे, पण तिला गाडी द्यायची आहे. तू रोज बसतेस. ही कधी बंद पडली? तू पडते म्हणालीस, तर मी यांना नाही म्हणून सांगेन. कुणाला काही कळणार नाही."

एवढं सोपं. भिंगरीच्या जिभेवर एक अख्खं वाक्य तयार होऊन बसलं: थंडीत ना, कधी कधी ना, जरा त्रास देते. तिने ते बोलायला तोंडही उघडलं. पण समोर खिडकी होती आणि खिडकीतून गॅरेज दिसत होतं. आई हिरव्या गाडीपाशी उभी होती, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून. जिचे हात कधी रिकामे नसत, कुणाचाही जबडा बेधडक उचलणारी तिची आई, संग्रहालयात आणलेल्या शाळकरी पोरीसारखी उभी होती. आजोबा काहीतरी सांगत होते. आईने एक बोट पुढे केलं, दाराला लागेल इतकं जवळ नेलं आणि परत मागे घेतलं.

"एकदा," भिंगरी म्हणाली.

आजींचे खांदे किंचित खाली आले.

"एकदाच बंद पडल्या. आई पेट्रोल भरायला विसरली होती. त्यांचा काही दोष नव्हता." तिने घाईघाईने बाहीला नाक पुसलं. "माझ्या बारा वर्षांत एक दिवस शाळेला उशीर नाही झाला मला. झाला असता तर बरं झालं असतं, गणिताच्या दिवशी तरी."

आजींनी स्वतःच्या कपातली अर्धी कॉफी भिंगरीच्या अर्ध्या संपलेल्या कपात ओतली, आणि कप काठोकाठ भरला.

व्यवहार तासाभरात उरकला. सह्या झाल्या, कागद इकडचे तिकडे झाले. आईने हिरव्या गाडीत शिरायचे दोन प्रयत्न केले, पहिल्यांदा पाय आधी घालून, दुसऱ्यांदा डोकं. तिसऱ्यांदा आजोबा म्हणाले, "बसायचं नाही, पडायचं," आणि आई पडली. किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. खोकला. आईने भिंगरीकडे पाहिलं, भिंगरीने आभाळाकडे. तिसऱ्या वेळी सीटच्या मागे असा काही आवाज उठला की कुंपणावरचे पक्षी भुर्रकन उडाले. त्या गदारोळात आई मान मागे टाकून हसत होती. तिच्या वरच्या दाढासुद्धा दिसत होत्या. भिंगरीने आईला इतकं हसताना पाहिलं नव्हतं, आणि तिला एकदम वाटलं, चला, हे बरं झालं.

"आम्हीही एक चक्कर मारून बघतो," आजोबा म्हणाले. हातमोजे चढवत ते काकूंच्या स्टिअरिंगच्या बाजूला गेले, दार उघडायला हात पुढे केला आणि तिथेच थांबले.

आत आजी होत्या. आरसा स्वतःच्या उंचीला लावत होत्या.

"लायसन्स आहे माझ्याकडे," त्या आरशातच बघत म्हणाल्या. "दर वेळी नवं करून आणलंय. त्या बयेचा क्लच फक्त तुमच्याच पायाला कळायचा. या काकू तशा नाहीत वाटत. मशीनवरून उठल्यावर तुमचे पाय थरथरतात, ते काय मला दिसत नाही? बसा पलीकडे."

भिंगरी बघत राहिली. आजोबांची बाही वर सरकली होती आणि कोपराच्या आतल्या बाजूला डॉक्टरी चिकटपट्टी होती. 'जावं लागतं' एवढंच आजी म्हणाल्या होत्या. कुणाला, ते भिंगरी आपलं आपणच धरून चालली होती: आजींनाच.

आजोबांनी हातमोजे काढले. एक क्षण ते कुठे ठेवावेत हे त्यांना सुचेना. मग त्यांनी ते खिडकीतून आजींच्या मांडीवर ठेवले, गाडीला वळसा घालून पलीकडे गेले, बसले आणि कुणी न सांगता पट्टा लावला.

भिंगरी धावत खिडकीपाशी गेली. काकूंबद्दल सांगण्यासारखं खूप होतं, पण एवढंच बाहेर आलं:

"आजी, दुसरा गिअर जरा दमानं टाका हं. काकूंना घाई चालत नाही."

आजींनी हातमोजे चढवले. ते त्यांना मोठे होते.

"दमानं?" त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं दमानंच घेतलंय गं बाळ मी."

आणि काकू, ज्या उभ्या आयुष्यात कधी चाळीसच्या वर गेल्या नव्हत्या, फाटकातून खडी उडवत बाहेर पडल्या.