जहाजाचं तोंड

समुद्र मी पाहिलेला नाही. मांजरा धरण भरलेलं पाहिलंय, तेवढंच. पण तीस वर्षं कळंब तालुक्यातल्या भिंती रंगवतोय. जहाज कसं काढायचं हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

येरमाळ्याच्या दैवशालाताईंचा मुलगा नंदीश मालवाहू जहाजावर नोकरीला लागला. पहिलीच फेरी, नऊ महिन्यांची. तो निघायच्या आधी बैठकीतल्या भिंतीवर जहाज हवं, असा ताईंचा निरोप आला. दोन दिवस खपून मी मावळता सूर्य काढला, तांबूस पाणी काढलं आणि त्यात लांब लांब जाणारं जहाज. खरं सांगतो, इतकं चांगलं काम माझ्या हातून फार दिवसांत झालं नव्हतं.

ताईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "पुसा."

माझं डोकंच फिरलं. "अहो, चित्रात जहाज जातानाच शोभतं. बघणाऱ्याची नजर त्याच्या मागं मागं जाते. त्यालाच तर कला म्हणत्यात!"

"महालक्ष्म्यांची पावलं कशी काढत्यात, भाऊ? घरात येणारीच ना? बाहेर जाणारी काढतं का कुणी? नऊ महिने म्या माझं लेकरू लांब जातानाच बघत बसू व्हय?"

मी रागानंच ब्रश उचलला. पण सूर्यावर पांढरा रंग फासताना रागापेक्षा लाजच जास्त वाटली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जहाजाचं तोंड मी घराकडे वळवलं.

तोच नंदीशचा निघायचा दिवस. त्यानं बॅग उचलली, आईच्या पाया पडला. "येतो, आई."

मला वाटलं, ताई बसपर्यंत सोडायला जातील. त्या उंबऱ्यापर्यंतही गेल्या नाहीत. दाराकडे पाठ करून भिंतीसमोर उभ्या राहिल्या. बाहेर रस्त्यावर एसटी थांबली, निघाली, तिचा आवाज कमी कमी होत गेला. ताईंनी वळून पाहिलं नाही. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी ब्रश धुवायला घेतले.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "जरा मोठं करा."

"आता? सगळं प्रमाण बिघडंल, ताई."

"बिघडू द्या. अजून लई लांब दिसतंय."

एरवी माझ्या चित्रात कुणी असं नाक खुपसलं, तर मी सामान आवरून चालता होतो. त्या दिवशी मात्र रंगाचा डबा पुन्हा उघडला.