टेंपोच्या बदली म्हैस

"आग लावा ह्या डबड्याला, नायतर मी चालली माहेरी!" जयवंती भर रस्त्यात कडाडली.

टेंपो चहाच्या टपरीसमोर बंद. मागं वालाच्या शेंगा उन्हात मलूल. आणि तिचा नवरा विश्राम हातात अर्धा चहा घेऊन उभा. उन्हं चढायच्या आत माल सफाळ्याच्या बाजारात पोचला तर गिऱ्हाईक, नाहीतर तो गुरांपुढं. थंडीत कुडकुडत शेंगा खुडायच्या जयवंतीनं, आणि ह्या बाबाला टपरी दिसली की गाडी बंद करायचीच! बॅटरी बदलली, सेल्फ बदलला, बोईसरचे दोन मिस्त्री बदलले, टेंपोचा स्वभाव काही बदलला नाही. माकुणसारला त्यांचं घर टेकाडावर. उतरत्या अंगणातून टेंपो गिअरात सोडला की खाली जाईस्तोवर इंजिन चालू व्हायचं. सपाटीवर मात्र ढिम्म.

"काढून टाका," ती म्हणाली.

"घेनार कोन?"

घेणारा निघाला. केळव्याचा प्रफुल्ल. वाडीत मुंबईचे पाहुणे उतरवायचा, त्यांना स्टेशनावरून आणायला गाडी हवी होती. रोकड नव्हती, दुभती म्हैस होती.

"म्हैस कशी हाय?" जयवंतीनं विचारलं.

"गाय म्हना वयनी, गाय! आन् टेंपो?"

"बगा की तुमीच."

विश्रामनं अंगणातून सोडला, टेंपो भुर्रकन गेला. प्रफुल्ल खूश. शितलादेवीपुढं नारळ फुटला. आणि नारळ फुटला की सौदा फिरत नाही. फिरवणाऱ्याच्या दारात पुढं कुणी सोयरीक घेऊन येत नाही.

त्याच सांजेला जयवंती बादली घेऊन म्हशीखाली बसली. एका लाथेत बादली एकीकडं, ती एकीकडं! पेंड चारली, पाठ खाजवली, देवाची गाणी म्हटली. थेंब नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. आगीतून उठून फुफाट्यात पडलो म्हणत ती गोठ्यातच रडली.

तिसऱ्या दिवशी प्रफुल्ल फटफटीवर आला, लालबुंद. "वयनी, फसवलंत! पावन्यांनी टेंपो ढकलत नेला वाडीपरेंत! वर फोटू काडले मेल्यांनी!"

त्याचा आवाज ऐकताच म्हैस हंबरली आणि पान्हावली. जयवंतीनं ते बघितलं. डोळे पुसले, पदर खोचला.

"आसं हाय होय! तुमच्याबिगर कोनाला धार देत नाय, हे सांगितलंत काय?"

प्रफुल्ल पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागला. "तुमी तरी उताराचं कुटं सांगितलंत?"

"नाचता येईना अंगण वाकडं म्हनतात. त्या मेल्या टेंपोला नाचायलाच वाकडं अंगण लागतं. तुमच्या केळव्यात कुटनं आनाल?"

"मंग आता? नारळ तर फुटला."

"आयका. टेंपो ट्रॅक्टरला बांदून हितं आना. रातचा माज्या अंगणात राहील. सकाळी फटफटीवर या, धार काडा, टेंपो उतारावर सोडा. जाताना माजा माल सफाळ्याला टाका आन् केळवा गाठा, दिवसभर इंजिन बंद करू नका. सांजच्याला टेंपो हितं लावा, धार काडा, फटफटी घ्या, घरी जा."

"आन् अंगणाचं भाडं?"

"धार काडताय ना? तेच भाडं!"

प्रफुल्लनं टेकाडाकडं बघितलं, म्हशीकडं बघितलं आणि बादली मागितली.

तेव्हापासून जयवंतीचा माल उन्हं चढायच्या आत बाजारात. प्रफुल्लला टपरीकडं बघायचीही सोय नाही. गाडी बंद केली तर पुन्हा पाहुण्यांनी ढकलायची. विश्राम आता घरीच ओट्यावर घट्ट दुधाचा चहा पितो. एक दिवस पितापिता त्याच्या डोक्यात शिरलं.

"अगं, म्हैस आपल्या दारात, टेंपो आपल्या दारात, वर डायवर बी फुकट. मंग आपन त्याला दिलं काय?"

जयवंती वांगी टोपलीत भरत होती. मान वर न करता म्हणाली, "डिझेल भरायचं काम."