शशिकांत मयेकरांनी पाडलेला भाव

शशिकांत मयेकरांनी तेहतीस वर्षं विमा कंपनीत लोकांच्या नुकसानभरपाईचे आकडे कापले. पण स्वतःच्या घराला आकडा लावायची वेळ आली तेव्हा हाच हात एकदम सढळ झाला.

घर पूनम सागर कॉम्प्लेक्समध्ये, वन बीएचके, चौथा मजला, लिफ्ट नाही. पत्नी मनोरमाबाईंचे गुडघे दुसऱ्या मजल्यावरच राजीनामा द्यायचे, म्हणून विकायचं ठरलं. शशिकांतरावांनी भाव काढला तो असा : लिफ्टच्या इमारतीतलं एक घर अठ्ठ्याहत्तर लाखांना पाहून ठेवलं होतं, त्यात रजिस्ट्रेशन, टेम्पो, पडदे आणि बँकेत ठेवायला थोडेफार. बेरीज पंच्याऐंशी. म्हणजे आपलं घर पंच्याऐंशी लाखांचं! घेणारा काय देईल, हा क्षुल्लक प्रश्न या हिशेबात कुठे आलाच नाही.

"काका, अडुसष्ट," पिंटू ब्रोकर म्हणाला. "सत्तर मिळाले तर मी पेढे वाटीन."

"हे फॉल्स सीलिंग बघितलंस? सव्वा लाख घातलेत."

"पार्टी आली की पहिलं तेच तोडणार."

दोन महिन्यांत चार पार्ट्या आल्या. प्रत्येकीला शशिकांतरावांनी हॉलच्या मधोमध उभं करून या घरात वारा कुठून शिरतो आणि कुठून निघतो ते वीस मिनिटं समजावून सांगितलं. पार्ट्यांना ते नीट समजलं असावं, कारण त्याही वाऱ्यासारख्याच आल्या आणि गेल्या.

तेवढ्यात कळलं, बाजूच्या सोसायटीत अगदी असाच फ्लॅट विकायला आहे. तोच बिल्डर, तोच नकाशा, चौथाच मजला. शशिकांतरावांनी इस्त्रीचा शर्ट चढवला.

"मार्केटचा अभ्यास करून येतो. गिऱ्हाईक म्हणून जातो."

"आणि नाव काय सांगणार?" मनोरमाबाईंनी विचारलं.

"सावंत."

फ्लॅटचा मालक नीरज, तिशीतला मुलगा. पुण्याला नोकरी लागलेली, आई वर्षापूर्वी गेलेली, एकट्यानेच घर आवरत होता. त्याने बहात्तर सांगितले. शशिकांतरावांनी नजर फिरवली आणि काय आश्चर्य, हा हॉल फारच लहान होता! किचनमध्ये अंधार. बाथरूमच्या मागच्या भिंतीला ओल. आणि चौथा मजला, लिफ्टशिवाय? "या वयात माणसाने चढायचं कसं, सांगा ना!" ते कळवळून म्हणाले, आणि कळवळा खरा होता. तेहतीस वर्षांची विद्या अंगात संचारली होती.

"फरश्या आईने निवडल्यात," नीरज हळूच म्हणाला.

"आईंची आवड चांगलीच. पण या फरश्यांचा जमाना गेला. एकसष्टच्या वर कुणी देत असेल तर मला नाव सांगा."

नीरजने वाकून फरशीवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाला, "चालेल."

"विचार करून कळवतो," असं म्हणून सावंत जिना उतरले.

"अकरा लाख उतरवले!" घरी पाऊल टाकताच शशिकांतरावांनी जाहीर केलं.

"कोणाचे?" मनोरमाबाई एवढंच म्हणाल्या.

उत्तर दहा दिवसांनी पिंटू घेऊन आला. "काका, वाट लागली. बाजूचा फ्लॅट एकसष्टला गेला. कोणी सावंत नावाचा म्हातारा येऊन त्या पोराला इतकं घाबरवून गेला की पुढच्या पार्टीने एकसष्ट म्हटल्यावर त्याने लगेच टोकन घेतलं. आता सगळ्याच पार्ट्या एकसष्ट बोलतायत. तो सावंत एकदा भेटला पाहिजे मला!"

"कसले कसले लोक असतात," शशिकांतराव खिडकीबाहेर बघत म्हणाले.

मनोरमाबाईंनी चहा आणला. "सावंतांना साखर किती घालू?"

पिंटू हसला नाही, कारण त्याला कळलं नाही. शशिकांतरावांनी चहा बिनसाखरेचाच घेतला.

त्या रविवारी ते भाजी घेऊन येत होते, तर बाजूच्या गेटपाशी टेम्पो उभा. नीरज देव्हारा चादरीत गुंडाळत होता. त्याने यांना पाहिलं आणि हसून हाक मारली, "सावंत काका! मिळालं का तुम्हाला घर?"

"बघतोय अजून."

"तुम्हाला कळवायचं माझ्याकडून राहून गेलं. तुम्ही आधी आला होतात, पण त्यांनी लगेच टोकन दिलं. सॉरी हं."

शशिकांतरावांनी भाजीची पिशवी खाली ठेवली. त्यांनी देव्हाऱ्याची दुसरी बाजू धरली आणि टेम्पोत चढवू लागले. दोन मुंग्या हातावर चढल्या, त्या त्यांनी झटकल्याही नाहीत.

यानंतर वाऱ्याची व्याख्यानं बंद झाली. पुढची पार्टी आली ती रुचिता नावाची शाळेतली शिक्षिका. शशिकांतरावांना मनोरमाबाईंनी दूध आणायला खाली पाठवलं, आणि मग तिला ओल कुठे आहे, पाणी किती वाजता येतं, जिने चढून काय होतं ते सगळं सरळ सांगितलं. रुचिता म्हणाली, "मी अकरा घरं पाहिली. ओल दाखवणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

दूध येईपर्यंत सौदा चौसष्टला ठरला होता.

"मला न विचारता?" शशिकांतराव पिशवी घेऊन दारातच उभे राहिले.

"तुम्हाला विचारूनच एकसष्ट झाले होते," मनोरमाबाई म्हणाल्या. "सही कुठे करायची ते तिकडे लिहिलंय."

त्यांनी केली. अठ्ठ्याहत्तरचं घर अर्थातच सुटलं. भाईंदरला केबिन रोडच्या मागे एक लहानसं मिळालं, लिफ्टचं. तिथला भाव मनोरमाबाईंनीच ठरवला. शशिकांतरावांना पडद्यांचा रंग तेवढा विचारला, आणि कापड त्याआधीच शिवायला टाकलं होतं.