गालावरची रेघ

नाण्यांच्या पेट्यांना शिशाच्या मोहोरा लागल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी मला बोलावणे आले. आमच्या जिल्ह्याचे संग्रहालय नव्या इमारतीत जाणार होते. तिघांच्या समितीने एकेक नाणे तोलून, पेटीबंद करून सह्या केल्या होत्या. त्या पेट्या आता नव्या इमारतीतच, त्याच तिघांच्या समक्ष उघडायच्या. आणि नव्या इमारतीवर अजून छप्पर चढायचे होते. मागे उरले होते ते प्लास्टर. शेवकेत उस्ताने तीस वर्षांत घेतलेल्या नाण्यांच्या हजारो पांढऱ्या नकला लाकडी खणांत पडून होत्या, आणि त्यांच्यासाठी एक खोकेसुद्धा मंजूर झालेले नव्हते.

"होजाम, यातलं काय फेकायचं ते तुम्ही सांगा," नोंदवही सांभाळणारी फेर्दा हानम म्हणाली. "मी फेकलं तर चौकशी लागेल. तुम्ही फेकलंत तर शास्त्रीय निर्णय होईल."

ती थट्टेने म्हणाली. पण शास्त्रीय निर्णय घेण्याचा मला जुना सराव होता, त्यामुळे मी लगेच बसलो.

आमच्याकडे बाईला हानम, साहेबाला बे, माझ्यासारख्या प्राध्यापकाला होजाम आणि कारागिराला उस्ता म्हणतात. शेवकेत उस्ता संग्रहालयात प्लास्टरचे काम करी. त्याला लॅटिन येत नव्हते, ग्रीक येत नव्हते, आणि आम्हा जर्मनीहून परतलेल्या विद्वानांबद्दल आदरही येत नव्हता. त्याची एक खोड होती. नाणे ज्या दिवशी दारात येई त्याच दिवशी, सकाळच्या चहाच्याही आधी, मातीगंजासकट ते मेणात दाबून तो त्याची नक्कल घेऊन ठेवी. मागे पेन्सिलीने तारीख आणि दोन शब्द: आले तसे. आम्ही हसायचो. चिखलाची चित्रे काढणारा उस्ता म्हणून मीच त्याचे नाव पाडले होते. तो म्हणायचा, "तहसीन बे, तुम्ही घासूनपुसून बाहेर काढलेलं नाणं तुमच्यासारखंच दिसायला लागतं. ते आधी कसं होतं, हे कुणीतरी ठेवायला नको?"

तिसऱ्या खणात क्रेमना नगरीच्या नाण्याची नक्कल सापडली. माझी दृष्टी आता मधोमध विरते. पानाच्या कडा दिसतात, मधला शब्द दिसत नाही. म्हणून मी नकला बोटांनी ओळखत होतो. तरुण रोमन सम्राट काराकाल्लाचे डोके, पानांचा मुकुट, भोवती अक्षरे. अंगठ्याचे नख सवयीने गालावरून फिरले आणि अडखळले. कानाखालून जबड्यावर एक बारीक, उंच रेघ उतरत होती. मी मागची बाजू खिडकीकडे तिरपी धरली. जून १९७१. आले तसे.

हे नाणे मला चांगलेच ठाऊक होते. माझ्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर ते छापलेले आहे. तिथे त्या गालावर कसलीही रेघ नाही.

आमच्या डोंगराळ मुलखात रोमनांनी आपले निवृत्त सैनिक वसवून ज्या वसाहती केल्या, त्यांतल्या क्रेमना आणि कोमामा या दोन शेजारणी. क्रेमना कड्यावर, तिन्ही बाजूंनी दरी, वर मोठमोठ्या इमारतींचे अवशेष. कोमामा खाली सपाटीला, हरभऱ्याच्या शेतात, दोन बुटक्या टेकड्यांवर. दोघी आपापली तांब्याची नाणी पाडत, आणि त्यांच्या काही नाण्यांवर सम्राटाचे डोके एकाच ठशाने उमटलेले होते. ठसा एकीने कोरवून घेतला आणि नंतर दुसरीने मागून नेला, एवढे उघड होते. आधी कोणाचा, हा प्रश्न. माझ्या ग्रंथाने उत्तर दिले होते: क्रेमनेचा. मोठ्या नगरीने द्यावे, धाकटीने घ्यावे. या तत्त्वाला मी टांकसाळींच्या उतरंडीचा सिद्धांत असे भारदस्त नाव दिले, आणि तीन विद्यापीठांनी ते अभ्यासक्रमात लावले. एखादी गोष्ट आपल्या जगातल्या मानापमानाच्या क्रमाशी जुळली, की विद्वानांना ती सिद्ध झाल्यासारखी वाटते.

साफिनाझला वाटली नाही. ती माझी विद्यार्थिनी. वडील ट्रॅक्टर दुरुस्त करायचे, गाव उर्कुत्लू, म्हणजे कोमामाच्या शेतांना लागूनच. तिने तीन देशांतून त्या ठशाची कोमामाची नऊ नाणी गोळा केली आणि ठसा कसकसा झिजला त्या क्रमाने ती मांडली. पहिल्या चारांवर गाल स्वच्छ. पुढच्या तिघांवर कानाखाली आखूड रेघ, कारण ठशाला तडा गेला की नाण्यावर तो उंच रेघेसारखा उमटतो. शेवटच्या दोघांवर रेघ लांबलेली, आणि शिवाय ठशाचा टवका उडाल्याने मानेवर एक ठिपका आलेला. मग तिने क्रेमनेचे त्या ठशाचे एकुलते एक नाणे घेतले, आमच्या संग्रहालयातले. त्याच्या मानेवर ठिपका होता. गालावर रेघ नव्हती.

प्रबंधात तिने लिहिले: ठिपका आहे त्याअर्थी रेघ असलीच पाहिजे, ती दिसत नसल्यास नाण्याचा पृष्ठभाग पुन्हा तपासावा. ठसा कोमामाचा होता आणि मोडकळीला आल्यावर क्रेमनेने तो उसना नेला.

ते नाणे १९७१च्या उन्हाळ्यात मीच साफ केले होते.

तोंडी परीक्षा संग्रहालयातच झाली, आणि आम्ही पाच परीक्षक होतो. मी विचारले, "साफिनाझ, पुरावा जुळेना म्हणून तू आता नाण्यालाच खोटं पाडणार का?"

"नाणं खोटं नाही, होजाम. शेजारच्या खोलीत आहे. आणून भिंगाखाली ठेवू या. पाच मिनिटं लागतील."

मी म्हणालो की ठिपका म्हणजे उरलेला गंज आहे. मग आवाजात थोडी माया आणून विचारले, "तुझं गाव उर्कुत्लू, नाही का? मग कोमामा थोरली निघायचीच. शास्त्राला माहेर नसतं, मुली."

बाकीचे चौघे हसले. ती हसली नाही. ती दाराकडे पाहत होती, ज्याच्या पलीकडे नाणे होते.

त्या क्षणी मला ते आठवले नाही, असे मी बावीस वर्षे स्वतःला सांगत आलो. ते खरे नाही. माझ्या मनगटाला आठवले. सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या गंजाची एक चिवट कड, सव्वीस वर्षांच्या माझ्या हातातली बारीक सुरी, आणि ती कड एका लांब कापात निघाली तेव्हा वाटलेला अभिमान. तेवढ्यापुरते माझे मनगट टेबलावर जड झाले. मग मी चहा मागवला.

आम्ही तिला सहा महिने दिले आणि ते प्रकरण काढून टाकायला सांगितले. सहा महिन्यांनी ती आली तेव्हा प्रकरण होते तसेच होते, फक्त शेवटी एक वाक्य जास्त होते: नाणे तपासण्याची विनंती करूनही परवानगी मिळाली नाही. प्रबंध एकमताने नाकारला गेला. ती विद्यापीठ सोडून गेली. पुढच्या वर्षी माझ्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघाली, आणि मुखपृष्ठावरचा तो गुळगुळीत गाल मुद्दाम मोठा करून छापला. तसे मीच सुचवले होते.

आता ती नक्कल मी रुमालात गुंडाळली आणि खिशात घातली. घरी आठवडाभर बसून माझ्या ग्रंथाला तीन पानांची दुरुस्ती लिहिली, खाली दोन नावे घातली, साफिनाझचे आधी. फेब्रुवारीत बसने बुजाकला तिच्याकडे गेलो.

तिच्या नवऱ्याचा संगमरवराचा कारखाना आहे. ते थडग्यांचे दगड करतात. अक्षरे साफिनाझ आखते आणि कोरते. मी गेलो तेव्हा ती एका दगडावर वाकलेली होती. ओठांपर्यंत पांढरी, केसही पांढरे, त्यातले धुळीचे किती आणि वयाचे किती ते मला दिसले नाही.

"या, होजाम," ती म्हणाली, जणू काही मी दर गुरुवारी येतो. "कोट काढून ठेवा, नाहीतर घरी जाईपर्यंत तुम्हीच प्लास्टरचे व्हाल."

नवऱ्याने दालचिनी भुरभुरलेले गरम, दाट, दुधाचे साहलेप आणून ठेवले, माझी विचारपूस केली आणि तो मागे यंत्राकडे गेला. मी कोण हे त्याला माहीत असावे, कारण त्याने माझ्याकडे दुसऱ्यांदा पाहिले नाही.

मी रुमाल टेबलावर ठेवला. तो सोडण्याआधी तिने विचारले, "क्रेमनेचं?"

मी मान हलवली. तिने टेबलावरच्या धुळीत बोटाने एक चेहरा काढला. नाक, हनुवटी, कान. मग नखाने एक वळणदार रेघ ओढली. "पाळीखालून निघते. जबड्यावरून खाली येते. ओठाच्या कोपऱ्याच्या थोडी अलीकडे थांबते." आणि मानेवर बोट टेकवून एक ठिपका.

मी रुमाल सोडला. तिने नक्कल उचलून त्या चित्राशेजारी ठेवली आणि भिंगातून बराच वेळ पाहिली. दोन्ही रेघा तंतोतंत एक होत्या. मी तिच्या चेहऱ्यावर काही शोधत होतो. समाधान, राग, काहीही चालले असते. तिने नक्कल उलटी केली आणि मागचे पेन्सिलीचे अक्षर वाचले.

"शेवकेत उस्ता," ती म्हणाली, आणि तेव्हा मात्र तिचा आवाज मऊ झाला. मग तिने विचारले, "हे तुम्ही नोंद करून बाहेर आणलंत ना?"

मी आणले नव्हते.

मी दुरुस्तीची पाने दिली. तिने ती उभ्याउभ्याच वाचली आणि दुसऱ्या पानावर बोट ठेवले. "प्रारंभीच्या स्वच्छतेत पृष्ठभागाला बाधा पोहोचली असावी. कुणाच्या हातून?"

"वाचणाऱ्याला कळेल."

"बावीस वर्षं कुणाला कळलं नाही, होजाम." तिने शेवटच्या पानावर पेन्सिलीने काही खूण केली आणि पाने नीट जुळवून माझ्यासमोर ठेवली. "आणि नाणं? पाहिलंत?"

मी सांगितले की पेट्या बंद झाल्या, मोहोरा लागल्या, नवी इमारत होईपर्यंत काही उघडणार नाही.

"म्हणजे याही वेळी पाहिलं नाहीत."

मी म्हणालो की नक्कल पुरेशी आहे. तिचे चित्रच त्याचा दाखला आहे. तिने मानेनेच नाही म्हटले. ज्या संयमाने मी कधीकाळी पहिल्या वर्षाच्या मुलांना समजावत असे, त्याच संयमाने तिने मला समजावले. नक्कल एवढेच सांगते की तिथे काहीतरी उंच होते. तो तडा की गंजाची कड, ते नाण्याच्या अंगावरच कळेल. नुसता गंज निघाला असेल तर खालची जुनी हिरवी झिलई शाबूत राहिली असेल. तडा कापला गेला असेल तर सुरीच्या मागाखाली नागडा धातू असेल.

"तुला शंका आहे?"

"मला नाही. कधीच नव्हती. पण मला शंका नाही म्हणून ते छापायचं नसतं. हे तुम्हीच शिकवलंत आम्हाला, दुसऱ्या वर्षाला."

शिकवले होते. अगदी याच शब्दांत, खडू हातात घेऊन, दरवर्षी.

मी विद्यापीठाशी बोलण्याचे काढले. प्रबंध पुन्हा उघडता येईल, नियमांत वाट आहे, अजून माझे कुणी ऐकेल. तिने मला बोलू दिले. मग म्हणाली, "पदवी घेऊन मी काय करू, होजाम? या दगडावर कोरू? मला त्या दिवशी पदवी नको होती. तुम्ही उठून शेजारच्या खोलीत जायला हवं होतं." ती दगडाकडे वळली. "या मयताच्या घरची माणसं दुपारी दगड न्यायला येणार आहेत. दोन ओळी राहिल्यात अजून. साहलेप गार होतंय तुमचं."

दुरुस्तीवरून तिने स्वतःचे नाव खोडले होते, हे मला बसमध्ये कळले. त्याच्या जागी शेवकेत उस्ताचे पूर्ण नाव होते, तिच्या कोरीव अक्षरांत. माझे नाव तिने तसेच राहू दिले होते.

मी ती पाने छापायला दिली नाहीत. नक्कल परत नेली, ती बाहेर नेल्याची कबुली नोंदवहीत लिहून दिली, आणि संग्रहालयाच्या नावे एक पत्र लिहिले. क्रेमनेच्या नाण्यांची पेटी उघडेल तेव्हा काराकाल्लाचे हे नाणे सर्वांत आधी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावे. ते जून १९७१मध्ये तहसीन एर्देव्हेन याने सुरीने साफ केले, आणि साफ करताना गालावरची उंच रेघ त्यानेच कापली. २००१ साली ते तपासण्याची लेखी विनंती झाली होती. ती त्यानेच अडवली. तपासणीच्या वेळी बुजाकच्या साफिनाझ हानम यांना बोलवावे, आणि त्या सांगतील ते शब्दशः नोंदवावे.

फेर्दा हानमने पत्र दोनदा वाचले. प्लास्टरसाठी तिने बाजारातून टोमॅटोची रिकामी खोकी मागवली होती, आणि आम्ही एकही नक्कल फेकली नव्हती. "होजाम, तुम्हालाही बोलवावं, हे लिहायचं राहिलं," ती म्हणाली.

"छप्पर कधी व्हायचं?"

"ठेकेदार म्हणतो, पुढच्या वर्षी." मग तिने प्रामाणिकपणे बोटे मोजली. "म्हणजे तीन वर्षं धरा."

डॉक्टरने मला दीड वर्ष दिले आहे. जगण्याचे नव्हे, अक्षरे वाचण्याचे. मी म्हणालो, राहू दे.

घरी कपाटात माझा ग्रंथ समोरच उभा असतो. आता त्याच्याकडे पाहिले तर मुकुट दिसतो, कान दिसतो, भोवतीची अक्षरे अर्धीमुर्धी दिसतात. मानेवरचा ठिपकाही स्पष्ट दिसतो, कारण तो कडेला आहे. गाल दिसत नाही.