लाल पट्टीची नळी

दादाचं म्हणणं साधं होतं. "श्वास घ्यायचा जास्तीचा रेग्युलेटर आपल्यासाठी असतो का? पाण्याखाली जोडीदाराची हवा संपली तर त्याच्या तोंडात द्यायचा. वर्षानुवर्षं कुणी हात लावत नाही. आणि तुझी ती लांबलचक नळी जिथेतिथे अडकते. त्यापेक्षा तरंगायचं जॅकेट फुगवायची आखूड नळी पडलीय बघ, अडॅप्टर लावून तीच रेग्युलेटरला जोडून दे."

मेकॅनिकबाईने मान वर केली नाही. पाणबुड्यांच्या सामानाच्या त्या दुकानात, मागच्या खोलीत, बारा वर्षं ती नळ्या जोडत होती. दुकान भावाचं, हात तिचे.

"त्या नळीच्या टोकाला बारीक झडप असते, दादा. हवा बेताचीच येते. जॅकेटला पुरते. वीस मीटर खाली माणसाला नाही पुरायची."

"ओढून बघ की."

तिने ओढून बघितलं. हवा छान आली. टेबलावर काय, सगळंच छान चालतं. हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी तिने जोडून दिलं. थोरल्या भावाला नाही म्हणायचं म्हणजे आठ दिवस अबोला, आईचे उसासे, आणि वर 'एवढ्याशा नळीवरून' हे ऐकून घ्यायचं. कंटाळली होती बिचारी. बिचारी कसली म्हणा!

तेवढ्यावरही भागलं नाही. तपासून पास केलेल्या प्रत्येक नळीला ती लाल चिकटपट्टीचा एक वेढा द्यायची. बोटीवरची माणसं तो वेढा बघूनच सामान उचलत. दादा दारातून म्हणाला, "पट्टी राहिली गं." तिने वेढा दिला.

पंधरा दिवसांनी दादाबरोबर खाली उतरला तो तिचाच नवरा. बोटीचा अडकलेला नांगर सोडवायचा होता. काम लांबलं, नवऱ्याची हवा संपली, आणि दादाने आपला जास्तीचा रेग्युलेटर त्याच्या तोंडात दिला. तो ओढत राहिला, ओढत राहिला, आणि शेवटी श्वास कोंडून सुसाट वर आला. वर येताना कोंडलेली हवा फुगली आणि फुफ्फुसं फाटली. जिवावरचं टळलं, पण आता कूस बदलायची म्हटलं तरी त्याला धाप लागते.

दादा रोज सकाळी येऊन बसायचा. आल्यागेल्याला सांगायचा, "घाबरला हो. घाबरलेल्या माणसाला कोण काय करणार?" ती मुकाट ऐकायची आणि मनातल्या मनात जळायची. भावावर जळायची की स्वतःवर, हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

एका दुपारी तिने दार लावून घेतलं आणि खाटेशी बसली. "त्या नळीबद्दल बोलायचंय."

"मी घाबरलो नव्हतो गं," नवरा थांबत थांबत म्हणाला. "पहिल्या श्वासालाच कळलं, हवा पुरत नाहीये. तेव्हाच सावकाश वर निघालो असतो तर निभावलं असतं. पण लाल पट्टी दिसली. म्हटलं, नळी हिच्या हातची आहे, आपलंच ओढायला चुकतंय. म्हणून ओढत राहिलो."



"पुरणार नाही हे मला माहीत होतं," ती म्हणाली. "माहीत असून पट्टी लावली."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग त्याला भिंतीकडे तोंड फिरवायचं होतं. एकट्याने वळवेना, तेव्हा तिनेच त्याला हात दिला.