भरल्या पोटी निघालेला निळा पंप

मी एक जुना निळा पंप आहे, मित्रांनो. दम्याचा. जुना म्हणजे दीड वर्षाचा, हसू नका! माझ्या पोटात दोनशे फवारे असतात आणि गोजराबाईंना दिवसाला आठ-दहा लागायचे. माझ्या आधीचे सगळे निळे महिन्याच्या आत कचऱ्यात गेले.

गोजराबाई चामराजपेटेत ब्लाऊज शिवतात. फवारा मारला की पाच-दहा मिनिटांत त्यांची छाती मोकळी. मग काय, माझा तोरा विचारू नका! डॉक्टर अनुषांनी रोज घ्यायला दिलेला तपकिरी पंप मात्र खणात पडून असायचा. त्याने लगेच काही वाटत नाही, उगाच सवय लागेल, असं बाईंचं म्हणणं. मीही त्याची फार टर उडवली. आता लाज वाटते.

तरी दम वाढतच चालला. चार टाके घातले की बाई थांबायच्या. दसरा झाला की शिलाई मशीन विकून टाकायची, असं त्यांनी ठरवलं. तीस वर्षांची सोबत ती! बोलताना त्यांना रडू आवरेना.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, बाईंनी मशीन, कात्री आणि टेप मांडली. शेजारी मला ठेवलं, कुंकू लावलं. मी फुगून टम्म! इतक्यात धुपाचा धूर कोंडला आणि बाईंना जोराचा दम लागला. हात माझ्याकडे आला आणि थबकला. पूजेला मांडलेली वस्तू दसऱ्यापर्यंत हलवायची नाही, ही त्यांच्या घरची रीत. मी चार बोटांवर, आणि बाईंना श्वास मिळेना! धाकटी जाऊ सौम्या धावत आली. तिने मला उचलून पदराने पुसलं आणि बाईंच्या तोंडाला लावलं.

"अक्का, देवीला काय सांगायचं ते मी सांगेन. तुम्ही स्वल्प श्वास ओढा."

रिक्षाने त्यांना दवाखान्यात नेलं. मी घरात येऊन चारच दिवस झालेले आणि माझ्या पाठीवरच्या आकड्यात चाळीस फवारे संपलेले पाहून डॉक्टर गंभीर झाल्या. निळा श्वासनळ्या उघडतो, पण आतली सूज तशीच राहते, ती उतरवतो तपकिरी, असं त्यांनी समजावलं. ऐकून माझा सगळा तोरा उतरला. मग त्यांनी बाईंना पंप घेऊन दाखवायला लावला, तर बाई अर्धा फवारा जिभेवरच मारत होत्या! सावकाश श्वास ओढत फवारा घ्यायचा, दहा आकडे मोजेपर्यंत श्वास धरायचा, तपकिरीनंतर चूळ भरायची, हे त्या शिकल्या.

महिन्याने दम कमी झाला, पण गेला नाही. डॉक्टरांनी औषध एक पायरी वाढवलं. पुढे तीन महिने बाई ठणठणीत राहिल्या, तेव्हा एक पायरी उतरवलं. आपल्या मनाने बंद करायचं नाही, अशी तंबी मात्र दिली. मशीन विकायचं नाव बाईंनी पुन्हा काढलं नाही. हल्ली पायडल मारता मारता चक्क गाणी म्हणतात, तीही बेसूर! मला काय आनंद होतो म्हणून सांगू!

मित्रांनो, निळा पंप कायम जवळ असू द्या. पण तो वरचेवर लागू लागला, तर आधी डॉक्टरांकडे जा. आणि माझ्या तपकिरी भावाला खणात कोंडू नका.

आज माझी मुदत संपली. सौम्याने नवा निळा आणला. पोटात दीडशेच्या आसपास फवारे तसेच घेऊन मी निघालोय. बाईंनी मला पिशवीच्या तळातून काढलं आणि हसल्या.

"अगं बाई, हा आहे होय अजून? मी तर विसरलेच होते."

इतकं सुंदर माझ्याबद्दल आजवर कुणी बोललं नव्हतं.