वाऱ्याला पाठ करून उडालेले क्रौंच

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की त्यांचा गळा दाटून येतो. माझा येत नाही. मी एक जुना कॅमेरा आहे. माझ्या पकडीचं रबर सुटलं आहे आणि भिंगाच्या आत बुरशीची पांढरी नक्षी चढली आहे. राग मात्र अजून ताजा आहे. तो कशाचा, ते ऐका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे धूळ औषधालाही सापडत नसे. पांढरे झगे घातलेल्या बायकांनी माझे बारीक स्क्रू बसवले, भिंतीवरच्या रेघांचे शंभर फोटो काढायला लावून माझी परीक्षा घेतली आणि मला खोक्यात घातलं. पुढे वर्षभर मी एका दुकानात काचेमागे बसून होतो. लोक मला हातात घेत, 'फार जड आहे बुवा' म्हणत आणि परत ठेवून देत.

शेवटी मला घेतलं ते शिवणकाकूंनी. त्या कपडे शिवायच्या, म्हणून सगळी गल्ली त्यांना याच नावाने ओळखायची. नवरा गेलेला, पदरात एक मुलगी. त्यांनी मला तळहातावर तोललं आणि दुकानदाराला म्हणाल्या, "असू दे जड. माझी इस्त्री याहून जड आहे."

गावाबाहेर एक उथळ तळं होतं. थंडी पडली की दूर उत्तरेकडून क्रौंच पक्ष्यांचे थवे तिथे उतरत. लांब पाय, लांब मान, राखाडी अंग. दर रविवारी काकू शिलाई मशीन झाकून ठेवायच्या आणि उजाडायच्या आत तळ्यावर पोचायच्या. उरलेल्या खाकी चिंध्या जोडून त्यांनी लपून बसण्यासाठी एक छोटा तंबू शिवला होता. मला जुन्या घोंगडीची कुंची शिवली होती, माझी खटखट पक्ष्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. तीन-तीन तास त्या गुडघे पोटाशी घेऊन बसत. फोटो मिळाला तर मिळाला, नाहीतर येताना दूध घेऊन घरी.

इतकी वर्षं बघून त्यांना क्रौंचांच्या सगळ्या खोडी कळल्या होत्या. उडण्याआधी एक मान पुढे ताणतो, दुसरा ताणतो, मग हाकाट्या सुरू होतात. शेवटी सगळे वाऱ्याकडे तोंड करून चार पावलं पळतात आणि मगच वर उठतात. काकू म्हणायच्या, "लग्नाला निघालेलं घर बघावं ना, अगदी तसं. सगळ्यांचं 'झालं का, निघू या का' होईपर्यंत एकाचाही पाय हलत नाही."

त्यांचे फोटो दुकानातल्या आरशाशेजारी लागत. माप देता देता लोक ते बघत. बक्षीस कुणी दिलं नाही, त्यांनी मागितलंही नाही. मी सुखात होतो.

मग मुलीचं लग्न झालं आणि घरात जावई आले. दातांचे डॉक्टर. बोलणं गोड, हसू मोजूनमापून. एका हिवाळ्यात ते काकूंना म्हणाले, "आई, पंधरा दिवस कॅमेरा द्याल? नगर सभागृहात फोटोंची स्पर्धा आहे."

काकू क्षणभर घुटमळल्या. पण जावयाचा शब्द मोडायचा कसा? मला पिशवीत घालताना त्या एवढंच म्हणाल्या, "पक्ष्यांना उठवू नका हं. लांबून आलेले असतात, दमलेले असतात."

"छे हो, आई," जावई म्हणाले.

त्या पहाटे गवतावर दव गोठलं होतं आणि पाण्यावर धुकं होतं. जावई आणि त्यांचे दोन मित्र उघड्यावर काठाशी उभे राहिले. तंबू नाही, आडोसा नाही. "ही गोधडी कशाला?" म्हणत त्यांनी माझी कुंची काढून फेकली. समोर पाण्यात थवा एका पायावर झोपलेला. जेमतेम पंधरा मिनिटं गेली असतील.

"हे काही हलत नाहीत," एक मित्र कुरकुरला. "इथेच गोठू आपण."

"मग उठव," जावई म्हणाले.

मित्राने दगड उचलला. जावयांनी माझ्या बटणावर बोट दाबून धरलं. बोट दाबलेलं असेल तोवर मला थांबता येत नाही, मित्रांनो. डोळा मिटून घेण्याची मुभा मला नाही. पहिल्या फोटोत डाव्या कोपऱ्यात दगड धरलेला हात आला. मग पाणी फुटलं आणि थवा जिकडे वाट मिळेल तिकडे उधळला. मान ताणायला वेळ नाही, वाऱ्याकडे वळायला वेळ नाही. तळ्यावरून विजेच्या दोन तारा गेल्या आहेत. सातव्या फोटोत एक क्रौंच तारेवर आदळला. नवव्या फोटोत तो खाली पडत होता.

जावयांनी माझ्या पडद्यावर तिसरा फोटो पाहिला. त्यात डाव्या कडेला मित्राचा हात अजून दिसत होता, पण थवा सुरेख पसरला होता. "हाच," ते म्हणाले. "बक्षीस आपलंच."

मित्र पाण्याकडे बघत होता. तिथे एकच पंख फडफडत होता. "अरे, तो पडला वाटतं."

"उठेल," जावई म्हणाले आणि तिघे चहा प्यायला गेले.

उठेल म्हणे. माणसाचा दात दुखला तर हेच डॉक्टर 'दुखतंय का' म्हणून दहादा विचारतात. मोडलेला पंख उठत नसतो, हे न कळण्याइतके ते अडाणी होते का?

आठवड्याभरात जावयांनी मला परत केलं. त्यांना हवा तो एक फोटो त्यांनी घेतला होता, बाकीचे माझ्या पोटात तसेच होते. त्यांना पहिलं बक्षीस मिळालं. जावयाचा फोटो काढायला काकू मला गळ्यात अडकवून सभागृहात आल्या. भिंतीवर तो फोटो भलामोठा करून लावला होता. खाली नाव होतं, 'मुक्त भरारी'. काकूंनी चष्मा पुसला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"डावीकडून कातरलाय हा," त्या मुलीला म्हणाल्या. "उजवीकडे एवढी मोकळी जागा सोडलीय, मग इथेच पंख अर्धा का कापला? आणि पाण्यावरच्या लाटा बघ. वारा यांच्या पाठीमागून येतोय. वाऱ्याला पाठ करून क्रौंच आपणहून उडत नाही गं. कुणीतरी उडवलंय यांना."

त्यांनी मला वळवलं आणि त्या पहाटेच्या पहिल्या फोटोपासून एकेक फोटो पुढे नेला. हात, दगड, तार. सातव्या फोटोवर अंगठा थांबला. मुलगी खांद्यावरून बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

काकू तडक स्पर्धेच्या अध्यक्षांकडे गेल्या. अध्यक्षांनी पडदा पाहिला, घसा खाकरला आणि म्हणाले, "बाई, नियमांत दगडाबद्दल काही लिहिलेलं नाही. आणि ही तर तुमच्या घरातली गोष्ट दिसते."

जावई हळू आवाजात म्हणाले, "आई, हजारो पक्षी आहेत तिथे. एकासाठी चारचौघांत माझं तोंड काळं करणार का?"

"ते मी नाही केलं," काकू म्हणाल्या.

तेव्हा मुलीने मला आईच्या हातातून घेतलं. ती पहिल्या रांगेत गेली आणि एकेका माणसासमोर माझा पडदा धरत चालली. पहिली रांग झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. बक्षिसासाठी जावयांचं नाव पुकारलं गेलं तेव्हा टाळ्या वाजल्या, पण मोजक्याच, आणि त्याही शेवटच्या रांगांतून, जिथवर मी पोचलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेकी मला घेऊन तळ्यावर गेल्या. पडलेल्या पक्ष्याची चार पिसं तेवढी लव्हाळ्यात अडकली होती. तारांखाली त्याच्या जोडीचा क्रौंच एकटाच उभा राहून हाका मारत होता. थवा केव्हाच पलीकडच्या काठाला गेला होता.

"फोटो काढायचा नाही?" मुलीने विचारलं.

"नको," काकू म्हणाल्या. "कुणाच्या घरात रडणं चालू असताना आपण खिडकीतून डोकावतो का?"

पुढे काय झालं म्हणाल, तर जावई वर्षभर सासूशी बोलले नाहीत. पण गाव बोलत होतं. दवाखान्यात आलेला पेशंट तोंड उघडण्याआधी विचारायचा, "डॉक्टर, तो दगडाचा फोटो तुमचाच ना?" दोन महिन्यांनी त्यांनी बक्षिसाची ढाल गुपचूप परत केली. पश्चात्तापाने की कंटाळून, ते मला माहीत नाही. आता स्पर्धेत पाठवलेल्या फोटोच्या आधीचे आणि नंतरचे फोटोही मागतात. तारा ठळक दिसाव्यात म्हणून त्यांवर रंगीत गोळे बसवा, असे तीन अर्ज काकूंनी वीज कंपनीकडे केले. 'विचार चालू आहे' असं उत्तर आलं. तो विचार पाच हिवाळे चालूच आहे, आणि दर हिवाळ्यात तारांखाली पिसं सापडतात.

मी आता दोऱ्याच्या रिळांशेजारी कपाटात असतो. मुलगी अधूनमधून मला ऊन दाखवते, पण माझ्या भिंगातून आता धड दिसत नाही. तुमच्या हातात आज माझ्यापेक्षा कितीतरी हुशार कॅमेरे आहेत. त्यांच्या वतीने मी सांगतो. पाहुणा झोपला असेल तर आपण चपला हातात घेऊन चालतो, तसं तळ्यावर जा. फोटो मिळाला नाही तर रिकाम्या हाताने परत या, त्यात कमीपणा नाही. आणि कुणी दगड उचलताना दिसला, तर 'आपल्याला काय करायचंय' म्हणून गप्प राहू नका. मला तोंड नव्हतं, म्हणून मी गप्प राहिलो. तुम्हाला आहे.